कागदावरची खुटी

वैशाख लागला की आमच्या खाडीचं पाणी पातळ होतं. कॉलेजात मी हे एकदा बोलले तर सगळे हसले. पाणी पातळच असतं, म्हणाले. पण मला दुसरा शब्द सुचत नाही. पावसाळ्यात खाडी गाळाने जाड असते, थंडीत ती हिरवी दिसते, आणि वैशाखात ती इतकी पातळ होते की तळाच्या वाळूवर उमटलेल्या वळ्या मोजाव्यात. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की खाडीच्या मधोमध वाळूचं एक लांबट बेट वर येतं. तारकर्लीतल्या आमच्या वाडीच्या बायका पाट्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून त्या बेटावर जातात आणि वाळू उकरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात.

आज सकाळी मीही गेले होते. बेटावर पोचल्यावर पहिलं काम तिसऱ्या शोधण्याचं नसतं. बायकांमधली एकजण पाण्याच्या कडेला, जिथे पाणी त्या क्षणी टेकलेलं असतं तिथेच, एक हातभर काठी रोवते. ती खुटी. पाणी अजून मागे जात राहतं, मग थांबतं, मग फिरतं. फिरलेलं पाणी पुन्हा खुटीला लागलं की सगळ्यांनी उठायचं. आलो तेव्हा वाटेत जेवढं पाणी होतं तेवढंच आता परतीच्या वाटेत आहे, यापुढे वाढणार, एवढा तिचा अर्थ. पाटी भरलेली असो, अर्धी असो, बोटांना नुकताच तिसऱ्यांचा थर लागलेला असो, उठायचं. कोणी कुरकुरलं तर दुसरी कोणीतरी म्हणतेच, "चला गो, तिसरे खंय पळान जातत?"

गेली काही वर्षं खुटी रोवायचं काम माझ्या आईकडे आहे. आजही तिनेच रोवली. काठीवर एकदा तळहात ठेवून ती दाबली, आणि मला गेल्या वर्षीचा वैशाख आठवला.

गेल्या वर्षी मी खाडीवर फार कमी गेले. आमच्या पडवीत मी एक नकाशा पसरून बसले होते. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार करवंट्या ठेवल्या होत्या, कारण खाडीवरचा वारा अकरानंतर काहीही जागेवर राहू देत नाही. नकाशा हिमाचलातल्या एका खोऱ्याचा होता. त्यात सात तळी होती आणि तीन उंच खिंडी. आमच्या कॉलेजातल्या गिरिभ्रमण गटाने ठरवलं होतं की या वेळी घाट आणि किल्ले पुरे झाले, बर्फाच्या डोंगरात जायचं. आणि सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आराखडा ही करेल."

'ही' म्हणजे मी. मी आधी मागे वळून पाहिलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आहे, आणि कॉलेजात कोणी काही सोपवलं की मला अजूनही वाटतं, हे मागच्या बाकावरच्या कोणाला तरी म्हणाले असतील. तास संपल्यावर मी सरांना विचारलं, मीच का. ते म्हणाले, "तुझ्या वहीत समास सोडलेला असतो. बाकीचे कागद काठापर्यंत भरतात. मग दुरुस्ती करायला जागाच उरत नाही."

मी डोंगर पाहिलेला नव्हता असं नाही. वैभववाडीला उतरलं की समोर सह्याद्री उभाच असतो. पण मी वाळूत वाढलेली मुलगी. वाळूत टाच दाबली की पाय रुततो, म्हणून आम्ही चवड्यावर चालतो. चढावर तसं चाललं की पोटऱ्या पेटतात. आमच्या गटातला निलेश वैभववाडीचाच, घाटाच्या पायथ्याचा. सरावासाठी आम्ही त्याच्या गावावरून घाट चढायला जायचो, तेव्हा तो पुढच्या वळणावर दगडावर बसून माझी वाट बघायचा आणि मी दिसले की ओरडायचा, "गो बाये, हयसर भरती येवची नाय! सावकाश ये!"

घरी मी सोललेले नारळ पिशवीत भरून पिशवी पाठीला लावायची आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर देवबागेकडे चालत जायची. आधी चार नारळ, मग सहा, मग आठ. किनाऱ्यावर आलेले पर्यटक बघत. एका बाईंनी थांबवून शहाळं कितीला म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, विकायचे नाहीत, डोंगर चढायचाय. त्या समुद्राकडे बघायला लागल्या.

या सगळ्यात खरा प्रश्न एकच होता. घरून परवानगी मिळेल का. बाबा वर्षातले आठ महिने गोव्याच्या बाजूला बोटीवर असतात. त्यांना फोन केला तर वाऱ्याच्या आवाजातून एवढंच ऐकू आलं, "आवशीक विचार." आणि आई नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. तिने नकाशावरून एकदा केरसुणी फिरवता फिरवता विचारलं, "थंय तळी आसत म्हणतंस. मासे गावतत?"

"नाय गो आये. बर्फाचा पाणी ता."

"मगे तेच्यात काय बघूचा?"

 खरं सांगायचं तर याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. नकाशावर ती तळी बोटाच्या नखाएवढी होती. त्यांची नावं मी वहीत उतरून घेतली होती आणि झोपण्याआधी वाचत होते, जशी एखादी नवी नवरी सासरच्यांची नावं पाठ करते. नकाशातल्या उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, हे सरांनी शिकवलं होतं. मला त्या रेषा खाडीच्या तळाच्या वळ्यांसारख्या दिसायच्या. वाटायचं, हे खोरंसुद्धा कोणत्या तरी पाण्याने ओसरताना मागे सोडलं आहे.

शेवटी आई म्हणाली, "तुझो कागद पुरो कर. मगे माका वाचून दाखव. माका पटलो तर जा."

आई चौथी शिकली आहे. पण तिच्यासमोर वाचायचं म्हणजे मला विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेपेक्षा जास्त धाक होता. मी ठरवलं, आराखड्यात एकही जागा रिकामी ठेवायची नाही. कुठे निघायचं, किती चालायचं, पाणी कुठे, मुक्काम कुठे. आधी तारखा ऑगस्टच्या शेवटी धरल्या होत्या, तर गटातले सगळे एकदम ओरडले, कारण मध्ये चवथ येत होती. गणपतीत मालवणी माणूस घर सोडून बर्फात जाईल, हे मी लिहिलं तरी कसं, असं प्रत्येकाने मला विचारलं. मग सगळं गणपती विसर्जनाच्या पुढे ढकललं.

त्या खोऱ्यात आम्हाला वाट दाखवणार होते देवराजजी. ते मेंढपाळ घरातले, साठीचे. त्यांच्या गावात संध्याकाळी वरच्या देवळापाशी गेलं की फोन लागायचा, म्हणून आमचं बोलणं त्याच वेळी व्हायचं. त्यांच्यामागे घंटेचा आवाज यायचा, माझ्यामागे समुद्राचा. मी त्यांना विचारलं, वाटेत चार ओढे ओलांडायचे आहेत, त्यातला पहिला कधी ओलांडायचा? ते म्हणाले, "सुबह छह बजे, बेटा. तब पानी कम रहता है।"

मी ते लिहून घेतलं. पहिला ओढा दुसऱ्या दिवशी होता. सहा वाजता. मग तिसऱ्या दिवशीचा ओढा. त्यापुढे मी लिहिलं, पावणेसात. पाचव्या दिवशीच्या ओढ्यापुढे सव्वाआठ. सातव्या दिवशीच्या, म्हणजे सगळ्यात रुंद ओढ्यापुढे पावणेदहा.

हे लिहिताना मी विचार केला नाही. विचार करण्यासारखं त्यात काही आहे हेच मला कळलं नाही. आमच्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. आई बोटांच्या पेरांवर काढते. त्यामुळे भरती काय आणि सुकती काय, रोज पाऊण तास पुढे सरकते. आज सहाला पाणी कमी असेल तर उद्या पावणेसातला असणार. चालायला लागल्यापासून मी हेच बघत आले आहे. पाणी उतरतं आणि चढतं ते असंच, चंद्र ओढेल तसं.

आणि गंमत अशी की तो कागद सरांनी तपासला. सर मालवणचे. त्यांना काही खटकलं नाही. गटातल्या सगळ्यांनी वाचला. कोणी देवगडचं, कोणी वेंगुर्ल्याचं. त्यांनाही नाही. एकट्या निलेशने विचारलं, "ओढ्याचो टायम रोज येगळो कित्याक?"

मी म्हटलं, "रे मेल्या, तू डोंगरातलो. तुका पाण्यातला काय कळतला?"

सगळे हसले. निलेशसुद्धा हसला आणि गप्प बसला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच चारचौघांत इतक्या खात्रीने बोलले होते, आणि नेमकी तिथेच चुकले होते.

आईला मी कागद वाचून दाखवला तो एका दुपारी. ती तिसऱ्या शिंपल्यांतून मोकळ्या करत होती. विळीवर एक एक शिंपलं उघडायचं आणि मांस वाटीत टाकायचं. ती मान वर न करता ऐकत होती. ओढ्यांच्या वेळा आल्या तेव्हा तिचा हात थांबला. तिने मनात हिशेब केला असावा. "ता बरोबर लिवलंस," ती म्हणाली. मला एवढा आनंद झाला की पुढची दोन पानं मी धावत वाचली. आई म्हणाली, "बरा. जा."

तीन दिवसांनी मी देवराजजींना सगळा आराखडा फोनवर वाचून दाखवला. सातव्या दिवसाच्या ओढ्याशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"पौने दस? नौ के बाद तो उस नाले में मेरा खच्चर भी नहीं उतरता। ये टाइम किसने दिया?"

मी चाचरत सांगितलं. समुद्र, चंद्र, पाऊण तास. पलीकडे ते हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते. हसता हसता त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "बेटा, हमारे पानी को चाँद नहीं, सूरज चलाता है। धूप चढ़ी, बर्फ पिघली, नाला भर गया। रात को फिर जम गया। रोज़ वही टाइम। कल भी छह, परसों भी छह।"

मी फोन ठेवला. साधी गोष्ट होती. पुस्तकात वाचलीही असेल. पण अकरा जण माझ्या कागदावर विश्वास ठेवून सर्वात रुंद ओढ्यापाशी चुकीच्या वेळी जाऊन उभे राहिले असते. देवराजजी सोबत होते म्हणून काही झालं नसतं, हे खरं. पण ते मला कमी लाजिरवाणं वाटलं नाही.

सरांना सांगणं सोपं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "मीपण पास केला की!" निलेशला सांगणं त्याहून अवघड गेलं. तो म्हणाला, "रवांदे. मीच परत विचारूक होया होता." सगळ्यात अवघड होती ती आई. तिने कागद पटला म्हणून हो म्हटलं होतं. जी वेळ ऐकून तिला माझ्यावर विश्वास बसला, तीच वेळ चूक होती. मी गप्प राहिले असते तर तिला कधीच कळलं नसतं. दोन दिवस मी गप्प राहिलेही. त्या दोन दिवसांत तिने शेजारच्या काकींना दोनदा सांगितलं, "माझ्या चेडवान कागद केल्यान हा. मी आयकलंय. बरोबर आसा." ते ऐकवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती पाटी घेऊन निघायच्या आत, मी तिला सांगून टाकलं.

आईने पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणणार, मग जायचं नाही.

"म्हणजे थंय सुकती रोज एकाच वेळेक?" तिने विचारलं.

"होय. सकाळी सहाक."

"अमावास्येक पण?"

"अमावास्येक पण."

"बरा आसा मगे थंयच्या बायकांचा," आई म्हणाली. "तिथी बघूक नको." आणि पुन्हा पाटी उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली. "पण माका एक सांग. तुझ्या कागदात खुटी खंय आसा?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, कुठे जायचं, कधी पोचायचं, हे सगळं तू वाचलंस. फिरायचं कधी, हे एकदाही वाचलं नाहीस. पाण्याची वेळ चुकली तर चुकली, परकं पाणी आहे. पण खुटी आपली आहे. ती कशी विसरलीस? तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता.

त्या सकाळी बेटाकडे जाताना तिने मला एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेच एकदा खुटी उपटून दोन हात वर रोवली होती. पाटी अर्धी होती आणि घरी सासूला रिकामी पाटी दाखवायची नव्हती. बाकीच्या बायका पाठमोऱ्या होत्या. कोणाला कळलं नाही. परतताना पाणी गळ्याशी आलं. तिची पाटी वाहून गेली, आणि तिच्या मागून येणारी एक म्हातारी दोनदा पाण्याखाली जाऊन वर आली. ती वाचली. आईने कोणालाही सांगितलं नाही, पण त्यानंतर कधी खुटीला हात लावला नाही. पुढे कित्येक वर्षांनी बायकांनी तिलाच खुटी रोवायला सांगितली, तेव्हा ती घरी येऊन रडली होती, असं ती म्हणाली. मी त्या वेळी पाण्यात तिच्या मागे चालत होते, त्यामुळे मला तिचं तोंड दिसलं नाही.

दुपारी मी कागद पुन्हा काढला. चारही ओढ्यांपुढे सहा लिहिलं. आणि मग समासात, सर म्हणाले होते त्या मोकळ्या जागेत, तिन्ही खिंडींपुढे लिहिलं: खुटी, अकरा. दुपारी खिंडीत ढग उतरतात, म्हणून अकरा वाजले की जिथे असू तिथून परत. खिंड दहा पावलांवर असली तरी. सरांनी ते वाचून खाली सही केली. देवराजजींना खुटी समजावून सांगितली तर ते म्हणाले, "अच्छा, तो आपके यहाँ भी पहाड़ है।"

आम्ही गेलो. सगळं सांगत बसत नाही, सांगता येईल असंही नाही. पहिलं तळं दिसलं तेव्हा मला आईचा प्रश्न आठवला, त्यात काय बघायचं. मी बघत होते. त्या पाण्यात भरती नव्हती, सुकती नव्हती, आवाजही नव्हता. जन्मल्यापासून पाण्याचा आवाज कानात घेऊन आलेल्या माणसाला ते जरा भीतीदायकच वाटतं. पहिली खिंड आम्ही साडेनऊला ओलांडली, दुसरी पावणेअकराला, धापा टाकत. चारही ओढे सकाळी सहाला ओलांडले, गुडघ्याएवढ्या पाण्यातून, आणि सातव्या दिवशी त्या रुंद ओढ्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. पाण्यात कसं चालायचं हे तिथे फक्त मलाच येत होतं.

आठव्या दिवशी तिसरी खिंड. सगळ्यात उंच, आणि तिच्यापलीकडे सातवं तळं. चढ सैल दगडांचा होता. एक पाऊल वर, अर्धं खाली. मी हळू होते, माझ्यामुळे सगळे हळू होते. अकरा वाजले तेव्हा खिंडीवरचे झेंडे दिसत होते. त्यांचे रंगसुद्धा दिसत होते.

मी थांबले. म्हटलं, "खुटी."

निलेश वरून दोन वळणं खाली उतरून आला. "गो, पंधरा मिनटां! आभाळ बघ, ढग तरी आसा काय? पंधरा मिनटां फकत!"

"अकरा वाजले."

"तुका ता तळा बघूचा नाय?"

मला ते सगळ्यांपेक्षा जास्त बघायचं होतं, हे त्यालाही माहीत होतं. सातही नावं मला पाठ होती. घड्याळ माझ्या हातात होतं, कागद माझा होता, आणि कागदावरचा आकडा बदलायला कोणाचीही ना नव्हती. सर माझ्याकडे बघत होते. देवराजजी दगडावर बसले होते. मी फिरले. चार पावलं गेल्यावर मागून दगडांचा आवाज आला, सगळे येत होते.

त्या दिवशी काहीही झालं नाही. वादळ आलं नाही, बर्फ पडला नाही. आभाळ संध्याकाळपर्यंत निळंच राहिलं. मला वाटतं, ढग आले असते तर मला सोपं गेलं असतं. निलेश जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही. जेवताना त्याने आपल्या ताटातला गूळ माझ्या ताटात टाकला.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, की मग मी चुकले का. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाणी चढला नाय म्हणान खुटी चुकीची ठरणा नाय." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तळा खंय पळान जाता?"

आता पुन्हा वैशाख आहे. पडवीत पुन्हा नकाशा आहे, करवंट्या आहेत, अकरानंतरचा वारा आहे. या वर्षी आम्ही त्याच खोऱ्यात दुसऱ्या बाजूने जायचं ठरवतो आहोत, तिसऱ्या खिंडीने आत शिरून सातव्या तळ्यापासून सुरुवात. पिशवीत आता दहा नारळ असतात. टाच टेकून चालायला मी शिकते आहे, घाटात निलेशच्या मागे दोनच वळणं राहते. देवराजजींनी फोनवर सांगितलंय, "इस बार तळा पक्का." तळा हा शब्द त्यांनी आमच्याकडून उचललाय.

आज बेटावरून आल्यावर आईने पाय धुतले आणि पडवीत माझ्या बाजूला बसली. पाटी आज अर्धीच होती. तिने नकाशाकडे बघितलं आणि विचारलं, "त्या मोठ्या खिंडीक किती वाजता खुटी?"

 कागदावर मी पेन्सिलीने साडेअकरा लिहिलं होतं. गेल्या वर्षी पंधरा मिनिटांनी चुकलं, म्हणून अर्धा तास वाढवला होता. मी ते तिला वाचून दाखवलं.

 आईने हाताची वाळू साडीला पुसली.

"अकराच रवांदे," ती म्हणाली. "खुटी हलवू नको. निघूचा आधी कर."

मी खोडरबर घेतलं. खिंडीपुढे पुन्हा अकरा लिहिलं. मग वरच्या ओळीत निघण्याची वेळ पहाटे साडेचार होती, ती खोडली आणि साडेतीन लिहिली.